घरचे इंटरनेट बाहेरून का लागत नाही?

पुष्कळ गावांत आता इंटरनेटची तार घरापर्यंत येऊन पोहोचली आहे. ओसरीवर बसून लासलगावचा कांद्याचा भाव बघता येतो, मुलाला परीक्षेचा निकाल बघता येतो. परंतु हाच व्यवहार उलट्या दिशेने करू म्हटले, म्हणजे आपण परगावी असताना आपल्याच घरातली एखादी गोष्ट बघू म्हटले, की पुष्कळांची गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते आणि ती जागा कशी शोधून काढायची, एवढाच आजचा विषय आहे.

दोन उदाहरणे घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने गोठ्यावर कॅमेरा बसवला आहे आणि त्याचे चित्रण साठवणारी पेटी माजघरात ठेवली आहे. घरच्या वायफायवर मोबाईल जोडला की गोठा स्वच्छ दिसतो. गाय आज-उद्या व्यायची आहे आणि नेमके तालुक्याला जावे लागले. तिथून मोबाईल उघडावा तर पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. दुसरे उदाहरण शाळेचे. शिक्षकांनी खटपट करून एका जुन्या संगणकावर धडे, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि प्रयोगांच्या चित्रफिती ठेवल्या. शाळेत बसलेल्या मुलांना त्या उघडतात. संध्याकाळी वस्तीवर परतलेल्या मुलांना उघडत नाहीत. दोन्ही ठिकाणी इंटरनेट चालू आहे, बिलही भरलेले आहे.

अशा वेळी दुकानदार म्हणतो, नवा राउटर घ्या. कंपनीला फोन करावा तर उत्तर येते, "आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे." आणि गंमत अशी की हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते! काहीही मोडलेले नसते. घरगुती जोडणी मुळात आतून बाहेर जाण्यासाठी बांधलेली आहे. बाहेरून आत येण्याची सोय तिच्यात आपोआप नसते, ती मुद्दाम करून घ्यावी लागते, आणि काही जोडण्यांवर ती करताच येत नाही. आपली जोडणी ह्यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे पैसे खर्च करण्यापूर्वी समजले पाहिजे.

त्यासाठी पत्त्याची गोष्ट थोडी समजून घेऊ. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंबे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या आतला. असे एकूण पत्ते किती होतील, हे गणिताच्या शिक्षकांनी मुलांकडूनच काढून घ्यावे: २५६ चा चौथा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ही पद्धत १९८१ साली ठरली. त्या काळी संगणक मोजके होते, तेव्हा सव्वाचार अब्जांहून अधिक पत्ते म्हणजे चंगळच. पुढे माणशी एक मोबाईल, घरोघरी कॅमेरे आणि टीव्ही आले, आणि पत्ते पुरेनात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या सामायिक कोठारातले शेवटचे मोठे गट पाच विभागीय संस्थांना वाटून टाकण्यात आले. आपण ज्या आशिया-पॅसिफिक विभागात मोडतो, त्याने त्याच वर्षी एप्रिल महिन्यात उरलेल्या पत्त्यांवर रेशन लावले. आपल्या घराला स्वतंत्र पत्ता का मिळत नाही, ह्याचे मूळ ह्या टंचाईत आहे.

टंचाई येणार हे जाणत्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून १९९४ साली काही पत्ते केवळ घरातल्या घरात वापरण्यासाठी राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. तुमच्या घरातल्या मोबाईलचा पत्ता बघा, तो बहुधा १९२.१६८ असाच सुरू होईल. शेजारच्या घरातही तोच, आणि नागपूरच्या एखाद्या घरातही तोच. आपल्याकडे घरोघर एक बाळू असतो आणि एक ताई असते, तसा हा प्रकार. घरात 'बाळू' अशी हाक मारली की योग्य मुलगा धावत येतो. पण पाकिटावर नुसते 'बाळूस द्यावे' लिहून ते टपालात टाकले, तर पोस्टमनने काय करावे?

मग घरातला मोबाईल बाहेरच्या जगाशी बोलतो कसा? इथे राउटरचे काम येते. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वाड्यातला कोणीही पत्र बाहेर पाठवतो तेव्हा हा माणूस त्यावरचे घरगुती नाव खोडून वाड्याचा पत्ता घालतो, आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो की अमुक पत्र बाळूचे, तमुक ताईचे. उत्तर आले की वही बघून ते ज्याचे त्याला देतो. ह्या कामाला नॅट म्हणतात. आता बाहेरून असे पत्र आले की ज्याची वहीत नोंदच नाही, कारण आतून कोणी आधी काही पाठवलेलेच नव्हते, तर ते कोणाला द्यायचे? देवडीवरच्या माणसाला ठाऊक नसते, म्हणून तो ते टाकून देतो. परगावाहून गोठा बघू पाहणाऱ्याचे मागणे हे असले नोंद नसलेले पत्र आहे. खरा राउटर तर पाठवणाऱ्याला बहुधा 'नाही' एवढेसुद्धा कळवत नाही. म्हणून पडद्यावर ते चक्र फिरत राहते.

ह्यावर उपाय असा की देवडीवरच्या माणसाला कायमची सूचना देऊन ठेवायची. पत्त्याच्या जोडीला प्रत्येक निरोपावर आणखी एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. हा वाड्यातल्या खोलीचा क्रमांक समजा. ० पासून ६५,५३५ पर्यंत हे क्रमांक असतात. वेबपानांसाठी ८० आणि ४४३ वापरण्याचा प्रघात आहे. "८०८० क्रमांकाचा निरोप आला की तो १९२.१६८.१.५० ह्या यंत्राला द्यावा," अशी सूचना राउटरच्या पानावर लिहून ठेवता येते. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मंडळी एवढे करतात, आणि तरीही लागत नाही. तेव्हा शोध कसा घ्यायचा ते पाहू या.

विहिरीवरचा पंप पाणी देईना झाला तर आपण एकदम मोटर खोलत नाही. आधी वीज आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. इथेही तसेच, आतून बाहेर एकेक पायरी जायचे. पहिल्यांदा घरातल्या घरात बघा. ज्या संगणकावर धडे ठेवले आहेत त्याच संगणकावर ते उघडून उपयोग नाही. त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्रावरून उघडले पाहिजेत. त्याच संगणकावर उघडतात आणि शेजारच्यावर उघडत नाहीत, असे झाले तर दोष राउटरचा नव्हे. एक तर तो कार्यक्रम फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकण्यासाठी बसवलेला असतो (१२७.०.०.१ हा पत्ता दिसला तर तसे समजावे), किंवा संगणकातला पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, आड येतो. विंडोजवर आपले जाळे 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले असेल तर हा पहारा जास्त कडक असतो. घरच्या जाळ्याला 'प्रायव्हेट' ठरवावे आणि त्या एका कार्यक्रमाला परवानगी द्यावी. वैतागून सगळा पहाराच बंद करून टाकणारे लोक असतात. ते करू नये.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वीज जाते आणि येते. राउटर पुन्हा सुरू झाला की तो घरातल्या यंत्रांना नव्याने पत्ते वाटतो, आणि काल ५० क्रमांकावर असलेली पेटी आज ५३ वर जाऊन बसते. सूचना मात्र ५० चीच राहते! काल चालत होते आणि आज चालत नाही, अशा तक्रारीत हे कारण फार वेळा सापडते. राउटरच्या पानावर त्या यंत्राचा पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी.

आता मुख्य परीक्षा. माझ्या मते राउटरमध्ये इतर काही बदलण्यापूर्वी ही करावी, कारण पाच मिनिटे लागतात आणि पुढचे पाच दिवस वाचू शकतात. राउटरचे पान उघडा. ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ह्या पत्त्यावर असते आणि पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेले असते. तिथे 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी' अशा नावाखाली एक पत्ता दिसेल. तो कागदावर लिहून घ्या. मग त्याच घरच्या जोडणीवरून, 'माझा आयपी पत्ता कोणता' हे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडा आणि ते दाखवते तो पत्ता खाली लिहा. पहिला पत्ता म्हणजे आपला राउटर स्वतःला काय समजतो ते. दुसरा म्हणजे बाहेरचे जग त्याला काय म्हणून ओळखते ते. दोन गोष्टी सांभाळा. मोबाईलमधले व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आणि संकेतस्थळाने अक्षरे व विसर्गासारखी चिन्हे असलेला लांबलचक पत्ता दाखवला, तर तो वेगळ्या पद्धतीचा आहे, त्याच्याशी तुलना करू नका. चार आकड्यांचाच शोधा.

दोन्ही पत्ते सारखे निघाले तर आनंद माना. रस्ता तुमच्या देवडीपर्यंत सरळ आहे, आणि चूक शोधायची ती घरातच. दोन्ही वेगळे निघाले तर तुमच्या देवडीच्या बाहेर आणखी एक देवडी आहे, आणि बाहेरून आलेले पत्र तिथेच अडते आहे. तुमच्या राउटरमध्ये कितीही सूचना लिहा, त्या वाचण्याची वेळच कधी येत नाही.

ही दुसरी देवडी कोणाची? आधी घरातल्या पेट्या मोजा. कंपनीने भिंतीवर लावलेली एक पेटी आणि तुम्ही बाजारातून आणलेला दुसरा राउटर, अशा दोन असतील, आणि आतल्या राउटरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर दोन्ही पेट्या नॅटचे काम करत असण्याची शक्यता मोठी. मग कंपनीच्या पेटीला 'ब्रिज' पद्धतीवर टाकून घ्यावे, म्हणजे ती नुसती तार होऊन राहते. नाहीतर दोन्ही ठिकाणी सूचना लिहाव्या. पण पेटी एकच असेल आणि तिचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर ती देवडी कंपनीच्या केंद्रात आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम ह्याच कामासाठी राखण्यात आला. कंपनीजवळ स्वतंत्र पत्ते थोडे आणि ग्राहक फार; म्हणून ती अनेक घरांमागे एकच बाहेरचा पत्ता ठेवते. साऱ्या आळीला मिळून एकच टपालपेटी, असे म्हणा ना. काही कंपन्या ह्याच कामासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. मोबाईलच्या जाळ्यावर तर हीच रीत आहे. त्यामुळे सिमकार्ड घातलेल्या पेटीवर कॅमेरा चालवणाऱ्यांनी चार आकड्यांच्या पत्त्यावरून बाहेरून येण्याची आशा सहसा धरू नये. नवा राउटर आणून ह्यात तिळमात्र फरक पडत नाही. दुकानदाराने किंवा केबलवाल्याने हे आधी सांगितले असते तर पुष्कळांचे दोन-तीन हजार रुपये वाचले असते. ते सांगत नाहीत, कारण त्यांपैकी बहुतेकांनाही हे ठाऊक नसते.

तपासणी करताना होणारा आणखी एक घोटाळा सांगून ठेवतो. घरच्या वायफायवर बसून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पाहू नका. घरातून निघून पुन्हा त्याच दारातून आत येणे पुष्कळ राउटरना जमत नाही. बाहेरच्यांना सर्व काही ठीक लागत असतानाही तुम्हाला लागत नाही. मोबाईलचे वायफाय बंद करावे, मोबाईलचा स्वतःचा डेटा चालू करावा, आणि मगच बघावे. हीच खरी परगावाहून केलेली परीक्षा.

पत्ते जुळतात, सूचनाही बरोबर आहे, तरी लागत नाही, असे झाल्यास पोर्ट बदलून बघा. ८० सारखे नेहमीचे क्रमांक काही कंपन्या घरगुती जोडणीवर अडवून ठेवतात. आणि आठ-दहा दिवस छान चालून एके सकाळी बंद पडले, तर बाहेरचा पत्ताच बदललेला असतो. घरगुती जोडणीला पत्ता भाड्याने दिलेला असतो, कायमचा नव्हे. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस नावाची सोय आहे. आपण एक नाव घ्यायचे, आणि राउटरने पत्ता बदलला की त्या नावापुढे नवा पत्ता नोंदवायचा. पुष्कळ राउटरमध्ये ही सोय आधीच घातलेली असते. परंतु ध्यानात घ्या, सामायिक पत्त्याच्या ग्राहकाला हिचा काही उपयोग नाही.

बरे, मग सामायिक पत्त्याच्या ग्राहकाने करावे काय? एक मार्ग म्हणजे कंपनीकडून जादा आकार भरून स्वतंत्र कायमचा पत्ता घेणे. दुसरा मार्ग नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांचा, ज्याला आयपीव्ही६ म्हणतात. त्यातले एकूण पत्ते लिहायला ३९ अंक लागतात, म्हणून तिथे टंचाईच नाही, आणि भारतात ह्या पद्धतीचा प्रसार चांगला झालेला आहे. मात्र राउटरचा पहारा तिथेही बाहेरच्याला अडवतो, तेवढी एक परवानगी द्यावी लागते. शिवाय ज्या जोडणीवरून बघायचे तीवरही ही पद्धत असली पाहिजे. तिसरा मार्ग मला सामान्य माणसासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. आतून बाहेर जाणारे पत्र अडत नाही, हे आपण पाहिले. तेव्हा घरातल्या पेटीनेच बाहेरच्या एखाद्या यंत्राशी संबंध जोडून ठेवायचा, आणि आपण परगावाहून त्या यंत्राला गाठायचे. चौकटीचे चिन्ह मोबाईलने टिपून चालू होणारे आजचे बहुतेक कॅमेरे असेच काम करतात. ह्यात आपले चित्रण किंवा निदान त्याची वाट परक्या कंपनीच्या हाती जाते, ही त्याची किंमत. जाणकार लोक स्वतःचे व्हीपीएन उभारून ही किंमत टाळतात. आणि शिक्षकांना माझा सल्ला असा की धडे सर्वांसाठीच आहेत, त्यांत गुपित काही नाही. ते एखाद्या बाहेरच्या संकेतस्थळावर ठेवून मोकळे व्हावे. शाळेचा संगणक रात्रभर चालू ठेवण्याची यातायात वाचेल, आणि वीज गेली म्हणून मुलांचा अभ्यासही अडणार नाही.

दार उघडल्यावर त्यातून कोण येईल, हे मात्र आपल्या हाती नसते. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक कार्यक्रमाने जगभरचे लाखो कॅमेरे, चित्रण साठवणाऱ्या पेट्या आणि राउटर कब्जात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून घालून येणाऱ्या साठेक नावा-संकेतशब्दांच्या जोड्या त्याच्याजवळ होत्या, आणि इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक दारावर तो त्या लावून बघे. मालकांनी संकेतशब्द बदललेलेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला ह्या गुलाम पेट्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या सेवेवर एकदम मागण्यांचा भडिमार केला आणि कित्येक नामांकित संकेतस्थळे काही तास लोकांना दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. गोठ्याचा कॅमेरा कोणी पाहिला तर एक वेळ चालेल; शाळेच्या वर्गातला किंवा घराच्या अंगणातला कॅमेरा परक्याने पाहिला तर चालेल का? म्हणून कॅमेऱ्याची पेटी थेट उघड्या दारावर बसवूच नये, असे माझे मत आहे. जे काही उघडाल ते एकच दार असावे, संकेतशब्द लांब आणि आपला स्वतःचा असावा, पेटीत नव्या दुरुस्त्या घालत जाव्या. राउटरमध्ये 'डीएमझेड' नावाचे एक बटण असते. ते दाबले की सगळीच दारे एका यंत्राकडे उघडतात. 'एवढे दाबा, चालेल' असे सांगणारे भेटतात. चालेल हे खरे, पण दाबू नका.

आता कंपनीला फोन करायचा झाला तर काय बोलावे, ते सांगतो. 'इंटरनेट चालत नाही' असे म्हटले की पलीकडचा माणूस राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगेल, आणि ते रास्तच आहे; त्याला दुसरे काही कळलेलेच नसते. त्याऐवजी कागदावरचे दोन्ही पत्ते समोर ठेवून विचारावे: "माझ्या राउटरला हा पत्ता आहे आणि बाहेर हा दिसतो. माझी जोडणी सीजीनॅटवर आहे का? स्वतंत्र स्थिर पत्ता मिळेल का, आणि त्याचा महिन्याचा आकार किती? आयपीव्ही६ चालू आहे का?" पहिल्या माणसाला उत्तर देता आले नाही, तर तांत्रिक विभागाकडे जोडून द्यायला सांगावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.